मासळीचा बर्फ

खोटं कशाला सांगू, त्या दिवसांत देवापुढे बसले की हात जोडले जात, मन लागत नसे. सुनेचं पहिलं बाळ जन्मल्याच्या दुसऱ्या दिवशीच गेलं होतं. पोटात असल्यापासूनच त्याच्या हृदयाचे ठोके मंद होते, असं डॉक्टर म्हणाले. पण दिवस असताना तिनं ग्रहणात विळी हाती घेतली होती, मी तेच धरून बसले आणि तिला नाही नाही ते बोलले. गळ्यात तुळशीची माळ आणि तोंडात ही भाषा!

तिला पुन्हा दिवस गेले तेव्हा रोह्याच्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. कधी कधी आईच्या रक्तात एक द्रव्य असतं. आईला त्याचा त्रासही होत नाही, पण बाळाच्या हृदयाची लय त्यानं बिघडू शकते. आधी कळलं तर लक्ष ठेवता येतं. तपासणी मुंबईला होणार होती. मुलाची कंपनीत शिफ्ट, म्हणून रक्ताची नळी फ्लास्कमध्ये बर्फात ठेवून मीच एसटीत बसले. "गार राहिली पाहिजे हं, आता उशीर परवडणार नाही," असं बाईंनी बजावलं होतं.

पेणला गाडी बंद पडली. फ्लास्क उघडून पाहते तर बर्फाचं पाणी होत आलेलं. स्टँडवरच्या दुकानात वीज नव्हती. मी बाकावर बसून रडू लागले. "गजानना, आता तूच बघ," एवढंच तोंडून आलं. शेजारी मासळीची पाटी घेऊन एक बाई बसली होती. वासामुळे मी मघाशी तिच्यापासून सरकून बसले होते. तिनंच विचारलं, "काय झाला गो?"

मी सांगितलं. तिनं पाटीवरचं ओलं गोणपाट बाजूला केलं आणि मासळीखालचा बर्फ ओंजळीनं माझ्या फ्लास्कात भरला.

"अगं, तुझी मासळी खराब होईल!"

"जाऊंदे गो. मावरा उद्या पन गावंल."

दुसरी गाडी मिळाली आणि नळी वेळेत पोचली. ते द्रव्य सुनेच्या रक्तात निघालं. मग दर आठवड्याला बाळाचे ठोके ऐकणं सुरू झालं. एकदा लय जराशी मंदावली, तेव्हा लगेच औषध दिलं. बाळंतपण मुंबईत झालं. नात झाली, ठोके व्यवस्थित. औषधानं की कृपेनं, मी वाद घालत नाही.

बारशानंतर पेढे घेऊन पेणला गेले. बाई सापडली, पण तिनं मला ओळखलंच नाही.

"बरफ तं रोज कोनाला तरी देतंय गो. कोनाकोनाचा ध्यान ठेवू?" म्हणाली आणि हसत पेढा तोंडात टाकला.

परतीच्या वाटेवर मला माझीच लाज वाटली. तिला स्वतःचं पुण्य आठवत नव्हतं, आणि मी सुनेचा न घडलेला अपराध इतके दिवस जपून ठेवला होता. घरी आल्याआल्या सुनेला म्हटलं, "त्या विळीवरून बोलले ना, ते माझं चुकलं."

ती लेकीला थोपटत होती. हात जरासा थांबला.

"कुठली विळी, आई?" म्हणाली आणि पुन्हा थोपटू लागली.

तिला सगळं आठवत होतं, ते मला दिसलं. त्या दिवसापासून देवापुढे बसले की मागायचं काही सुचत नाही. नुसतेच डोळे भरून येतात.