पंचामृतात न्हालेली किल्ली

आमच्या थोरल्या साडूंनी उभ्या आयुष्यात एकही यंत्र वापरलेलं नाही. त्यांनी यंत्रं पाळली. दुसरा माणूस म्हैस पाळतो, वेळेवर वैरणपाणी करतो, पाठीवरून हात फिरवतो, तशी. बेंबळीच्या त्यांच्या मळ्यात बोअरची मोटार चालू करण्याआधी ते स्टार्टरच्या पेटीवर दोन बोटांनी टकटक करतात आणि "उठा आता, दिस उगवला," म्हणतात. आपली मोटार आजवर कधी जळाली नाही ती यामुळेच, असं त्यांचं म्हणणं. लाइटच नसते तर जळणार कशी, असं अक्कांचं. अक्का म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. थंडीत साडूंच्या टीव्हीवर घोंगडी असते. मिक्सरमध्ये शेंगदाण्याची चटणी झाली की लगेच डाळ वाटायची सोय नाही, मध्ये त्याला दम खाऊ द्यावा लागतो. एकदा मुक्कामाला गेलो असताना मी रात्री मोबाइल चार्जिंगला लावून झोपत होतो, तर त्यांनी येऊन पिन काढली आणि मला समजावलं, "पाव्हणं, झोपल्याल्याच्या तोंडात घास कोंबू न्हाई."

अशा माणसाच्या घरी विलायती मोटार आली, यात त्या मोटारीचं भाग्य किती आणि भोग किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पुण्याच्या कुणा बिल्डरनं मनसोक्त फिरवून कंटाळा आल्यावर विकलेली ती लांबलचक काळी गाडी साडूंनी घेतली, तेव्हा बेंबळीत तिला ठेवण्याजोगी पत्र्याची जागा एकच होती, गोठा. तेव्हापासून ती एका बाजूला कडब्याची गंजी आणि दुसऱ्या बाजूला म्हैस अशा शेजारात उभी असते. म्हशीला तिच्या आरशात दुसरी म्हैस दिसते, म्हणून ती दिवसभर आरसा चाटते. साडू गाडीला 'बाई' म्हणतात. "बाईला ऊन लागतंय", "बाईचं तेल बदलायला झालंय", असं त्यांचं चाललेलं असतं आणि नवा माणूस घरात नेमक्या बाया किती, याच्या हिशेबात पडतो.

गाडी का घेतली असं कुणी विचारलं की साडू इंजिनाचं कौतुक लावतात. ते खोटं आहे. अक्कांचा उजवा गुडघा विहिरीवर घसरून पडल्यापासून वाकत नाही. जीपमध्ये त्यांना दोघांनी उचलून पोत्यासारखं चढवावं लागायचं, आणि लहान गाड्यांमध्ये त्यांचा पाय समोरच्या फळीला अडायचा. या गाडीची पुढची सीट बटण दाबलं की मागं सरते, आणखी सरते, पार खाटेसारखी आडवी होते, आणि अक्का पाय लांब करून राणीसारख्या बसतात. साडूंनी पुण्यात इंजिनाचं झाकण उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं, फक्त ती सीट पुढंमागं करून पाहिली होती. हे मला ठाऊक आहे, कारण सोबत मी होतो.

तर या बाईची किल्ली एकच. किल्ली म्हणजे तरी काय, काळ्या साबणाच्या वडीएवढा रिमोट, आणि त्याच्या पोटात लपवलेलं एक लहानसं पातं. पातं फक्त दार उघडतं. गाडी चालू होते ती रिमोटमधली चिप ओळखून. मी त्यांना पहिल्याच वर्षी सांगितलं की साडूभाऊ, दुसरी किल्ली करून ठेवा. ते माझ्याकडं कीव केल्यासारखं बघत म्हणाले, "येका देवाचं दोन टाक अस्त्यात व्हय?" मला तेव्हा तो नुसता विनोद वाटला. देव्हाऱ्यातल्या चांदीच्या टाकात जसा खंडोबा असतो तशी किल्लीत गाडी असते, हे त्यांनी अगदी मनोभावे धरलेलं होतं, ते मला खंडेनवमीला कळलं.

खंडेनवमीला आपल्याकडं विळा, कोयता, नांगर, ट्रॅक्टर सगळ्यांची पूजा होते. साडूंकडं त्या रांगेत मिक्सर, टीव्हीचा रिमोट आणि माझ्या भाच्यानं टाकून दिलेला कॅल्क्युलेटरही असतो. यंदा हळदीकुंकवावर भागवायचं नाही, बाईला अभिषेक घालायचा, असं त्यांच्या मनात आलं. पण एवढ्या मोठ्या गाडीला पंचामृत पुरणार कसं? मग त्यांना टाकाची आठवण झाली. तुळजापूरची आई घरी आणता येत नाही म्हणून आपण तिच्या टाकाला न्हाऊ घालतो. त्याच न्यायानं त्यांनी किल्ली ताम्हणात घेतली आणि दूध, दही, तूप, मध, साखर असं यथासांग घातलं. वर घरातल्या कुलदैवतासाठी येतं तेवढं सगळं म्हटलं. अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आल्या तेव्हा किल्लीवर तुळशीचं पान होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "देवाला आंगुळ घालत्यात. लाइटीच्या वस्तूला कोन घालतंय?"

दुसऱ्या दिवशी दसरा. गाडीला झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, साडू आत बसले, आणि बाई गप्प. किल्लीला मात्र मुंग्या लागल्या होत्या. पाण्यात पडलेला मोबाइल तांदळात ठेवतात असं त्यांनी ऐकलं होतं, पण "आपल्याकडं जवारी पिकती, तांदूळ कशाला?" म्हणून त्यांनी किल्ली ज्वारीच्या कणगीत घातली. किती खोल घातली ते त्यांच्या लक्षात राहिलं नाही. मग घरातली ज्वारी अंगणात ओतून सुपानं पाखडण्याचा कार्यक्रम झाला, त्यात शेजारच्या दोघी आल्या आणि सगळ्यांनी मिळून साडूंनाही चांगलं पाखडलं. किल्ली सापडली. ती आता कोरडी होती आणि मेलेलीही होती.

इथपर्यंत आम्ही सगळे हसत होतो. पण भाऊबीज तोंडावर आली होती. या दोघी बहिणींना एकच भाऊ, ईटला राहणारा आमचा मेहुणा. सगळे त्याला दादा म्हणतात. वाऱ्यानं त्याचं अर्धं अंग गेलेलं, त्यामुळं तो बहिणींकडं यायचा प्रश्नच नव्हता. माझी बायको एसटीनं जाऊ शकत होती. अक्का जाऊ शकत होत्या त्या फक्त या एका गाडीतून. त्यांनी दादासाठी करंज्या केल्या, वेगळ्या डब्यात भरल्या आणि तो डबा ओसरीवर, गोठ्यात जाणाऱ्याला ओलांडूनच जावं लागेल असा ठेवला. साडू रोज तो ओलांडायचे आणि रोज थोडे अधिक वाकलेले दिसायचे.

त्यांनी पुण्याच्या मोठ्या दुकानात फोन लावला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली की गाडीची कागदपत्रं आणि ओळखपत्र पाठवा, किल्ली परदेशातून येईल, दिवाळीनंतर गाडी घेऊन या. साडू तितक्याच गोडीनं म्हणाले, "ताई, गाडी चालत असती तर तुमाला कशाला तरास दिला असता?" शेवटी मी धाराशिवातल्या गॅरेजवाल्यांकडं चौकशी करून सोलापूरचा एक चावीवाला शोधला. पाडव्याच्या दुपारी तो लॅपटॉप, गॉगल आणि अत्तराचा वास असा सगळा सरंजाम घेऊन बेंबळीत उतरला. साडूंनी त्याला गोठ्याबाहेर चपला काढायला सांगितलं, आणि खाली शेण बघून त्यानं त्या काढाव्यात की नाही याचा बराच विचार केला. मग त्यानं जुनी किल्ली उघडली, हुंगली आणि म्हणाला, "काका, हिच्यात तूप हाय."

"गायीचं हाय," साडू म्हणाले.

त्यानं सांगितलं की ही गेली ती गेलीच. आता जुनी किल्ली गाडीच्या डोक्यातून पुसून टाकायची आणि नवी शिकवायची. साडूंचा चेहरा पडला. "म्हंजी बाई मला वळखनार न्हाय?"

"तुमाला कशाला विसरंल काका? किल्लीला विसरंल."

"येकच की ते."

वर चावीवाल्याचा आग्रह, की एक नाही, दोन करून घ्या. साडू पुन्हा टाकावर आले. तेव्हा ओसरीवर पाय लांब करून बसलेल्या अक्का पहिल्यांदा बोलल्या. "देवळात येक मूर्ती असती, पालखीत दुसरी असती. देव वाटला जातो व्हय?" साडू चावीवाल्याला म्हणाले, "दोन कर."

ट्रॅक्टरची बॅटरी जोडून गाडीत जीव आणला. चावीवाला आत बसला आणि म्हणाला की लॅपटॉपचं काम होईपर्यंत कुणी दाराला हात लावायचा नाही, नाहीतर सगळं पहिल्यापासून. हात कुणी लावला नसता, पण जीभ लावणारं एकजण शेजारी होतंच. साडूंनी म्हशीच्या गळ्यात दोन्ही हात टाकून तिला धरून ठेवलं आणि तिच्या कानात ते काहीतरी सांगत राहिले. मग आतून बटण दाबल्याचा आवाज आला, गाडी एकदा खोकली, मागून धूळ उडाली, कोंबड्या पळाल्या आणि बाई चालू झाली. साडूंनी म्हैस सोडली, भिंतीकडं तोंड केलं आणि उपरण्यानं खसाखसा चेहरा पुसला.

भाऊबीजेला आम्ही चौघं ईटला गेलो. साडू इतक्या हळू चालवत होते की मला वाटेतले बांधन्‌बांध पाठ झाले. येडशीला बाईला दम खाऊ द्यायला थांबलो. दादा इस्त्रीचा सदरा घालून सकाळपासून दारातच बसला होता. "अक्के, उशीर केलास," तो तोंडाच्या एका बाजूनं म्हणाला, आणि अक्कांनी त्याला ओवाळताना माझ्या बायकोनं तबकाला खालून हात लावला.

दादा त्याच पौषात गेला.

त्यानंतरच्या भाऊबीजेला आम्ही बेंबळीत होतो. भाऊ नसलेल्या बाईनं चंद्राला ओवाळावं अशी आपल्याकडं रीत आहे. पण बीजेचा चंद्र नखाएवढा, सूर्यामागोमाग बुडणारा. साडूंच्या अंगणातून पश्चिमेला भावकीचं माडीचं घर आडवं येतं, आणि गच्चीचा जिना अक्कांना चढवत नाही. दिवस कलला तसे साडू गाडी काढून दारात आले आणि दोघींना म्हणाले, "तबकं घिऊन बसा."

गावाबाहेरच्या माळावर त्यांनी गाडी उभी केली, अक्कांची बाजू पश्चिमेला येईल अशी. मग खाली उतरून समोर गेले आणि हातातल्या किल्लीचं बटण दाबून धरलं. चारी काचा एकदम, आवाज न करता खाली गेल्या. ही करामत त्यांना चावीवाल्यानं जाताना दाखवली होती, आणि वर्षभर त्यांनी ती कुणाला सांगितली नव्हती. पुढच्या खिडकीतून अक्कांनी आणि मागच्या खिडकीतून माझ्या बायकोनं चंद्राला ओवाळलं. साडू वाऱ्याच्या बाजूला उपरणं पसरून उभे राहिले, दिवे विझू नयेत म्हणून.

दादा दोघींना दरवर्षी खण द्यायचा. ओवाळून झाल्यावर साडूंनी डिकीतून कागदात गुंडाळलेले दोन खण काढले आणि एकेका तबकात ठेवले. "चांदाकडनं हायेत," ते म्हणाले आणि पटकन गाडीमागं गेले. मला त्या माणसावर त्या वेळी फार माया आली. दोन्ही खण एकाच रंगाचे होते, भडक पोपटी, एरवी अक्कांनी दुकानदाराच्या तोंडावर परत केले असते असे. दोघींपैकी एकीलाही तो रंग आवडला नाही. दोघींनी त्याच आठवड्यात पोलकी शिवून घातली.