समोरचे बुवा

चिंचपोकळीला आमच्या पिठाच्या गिरणीतले काका गिरणीच्या घरघरीत सूर मिळवून गातात. भुवयांवर पीठ, डावा हात पिठाच्या धारेखाली, उजव्याचा मांडीवर ठेका. नाव विचारायचं राहिलं, आणि आता विचारावंसंही वाटत नाही.

भिंतीवर देवांच्या रांगेत पेटी वाजवणाऱ्या एका माणसाचा फोटो आहे, हार घातलेला. मी एकदा विचारलं, "तुमचे गुरू?"

"नाय. माझे समोरचे बुवा."

काका तीसेक वर्षं डबलबारी गायले. त्यात दोन भजनी बुवा समोरासमोर बसतात. एकाने गाऊन चिमटे काढायचे, दुसऱ्याने गाऊनच उत्तर द्यायचं. लालबागच्या एका बारीत समोरच्या बुवांनी असा काही गजर लावला, की काका उत्तर जुळवायचंच विसरले आणि चक्क माइकवर ओरडले, "बुवा, परत एकदा!" मंडपात हशा पिकला. बारी हातची गेली.

"वाईट वाटलं असेल," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या डब्याचं झाकण दाबून बसवलं.

"हरलंय खरो. पण अख्ख्या मंडपात त्येंका सगळ्यांत जवळसून कोणी ऐकल्यान? मियाच!"