डाव्या दिव्याची नळी

आमच्या ह्यांना खोटं बोलता येत नाही, हे मी लग्नापासून सगळ्या नातेवाइकांना अभिमानाने सांगत आले. दारात नको असलेला पाहुणा आला आणि मी आतून खुणेने सांगितलं की 'मी घरी नाही म्हणा', तर ह्यांचे कान लाल व्हायचे. गॅरेजमध्ये गिऱ्हाईक म्हणायचं, बॅटरी गेली वाटतं, नवी टाका. हे म्हणायचे, बॅटरी ठणठणीत आहे, वायर सैल झालीय. वायर आवळायचे आणि गाडी पाठवून द्यायचे. मी वरच्या खिडकीतून बघत कपाळाला हात लावायची. ह्यांच्या हाताखाली शिकलेल्यांनी स्वतःचे मजले चढवले, आणि आमचं गॅरेज म्हणजे अजून घराखालची तीच पत्र्याची शेड. पण मनातून बरं वाटायचं. माणूस सरळ आहे, बाकी काय करायचंय, असं म्हणायची मी.

ती लांब नाकाची गाडी ह्यांनी भंगारातून आणली तेव्हा तिला चाकंसुद्धा नव्हती. दोन दारांची, परदेशी. तिची मिजास अशी की पुढचे दिवे दिसायचेच नाहीत. आतलं बटण ओढलं की नाकावरची दोन झाकणं वर यायची आणि दिवे बाहेर डोकवायचे. फावल्या वेळात एकेक नट जमवून ह्यांनी ती उभी केली. डावा दिवा मात्र सुरुवातीपासून थोडा कुरकुरायचा. कधी उशिरा उठायचा, कधी अर्धाच. शेजारचा शिंपी मला विचारायचा, "काय वहिनी, आज तुमची गाडी कुणाला डोळा मारतेय?"

मग लेकीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात असते, नवराबायको दोघंही नोकरीवर, नात लहान. तिच्या अगदी खालच्या मजल्यावरच्या दोन खोल्या विकायच्या होत्या. मालक म्हातारा आणि भला माणूस, म्हणाला, तुमचे आईबाबा येणार असतील तर मी थांबतो. गाडी विकली असती तर त्या खोल्या सहज येत होत्या. मी ह्यांना समोर बसवून विचारलं, "अहो, मनापासून यायचंय ना? नसेल तर आत्ता सांगा." म्हणाले, "अगं, मनापासूनच. गाडी विकली की निघू." कान नीट बघितले मी. लाल नव्हते.

मी त्याच आठवड्यात माळ्यावरची भांडी काढायला घेतली. नातीला शाळेत कोण सोडणार, दुपारी तिला काय वाचून दाखवायचं, सगळं ठरवून टाकलं मनात. बाजारात तुरी म्हणतात तसं.

गिऱ्हाईकही चांगलं मिळालं. निवृत्त झालेले दातांचे डॉक्टर, हौशी. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, लहान मुलासारखं बटण ओढलं. उजवा दिवा उठला. डावा ढिम्म. पुन्हा ओढलं, तरी ढिम्म. डॉक्टर म्हणाले, "दोन्ही दिवे उठू द्या, त्या दिवशी घेऊन जातो." शिंपी कुंपणावरून म्हणाला, "आंधळा मागतो एक डोळा, पण डॉक्टरांना दोन्ही हवेत." सगळे हसले. हेही हसले. मी नशिबाला दोष दिला, दुसरं काय करणार.

तेव्हापासून मी ह्यांच्या हाताखाली उभी राहायला लागले. हातात टॉर्च घेऊन. त्या दिव्यांचं गणित मला पाठ झालं. इंजिन चालू झालं की हवा ओढतं. ती ओढ एका बारीक रबरी नळीतून पुढे येते, तिथे तिला दोन फाटे फुटतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. प्रत्येक दिव्यामागे एक पत्र्याचा डबा, डब्यात रबराचा पडदा. हवा ओढली गेली की पडदा मागे सरकतो, दांडी खेचली जाते आणि दिवा उठतो. पडदा फाटलाय का हे बघायला नळी तोंडात धरून हवा ओढायची आणि जिभेने भोक बंद करायचं. नळी जिभेला चिकटून राहिली तर डबा शाबूत, सुटली तर फाटका. हे ह्यांनीच मला शिकवलं. शिकवताना किती प्रेमाने शिकवत होते, ते आठवलं की आता अंगाचा तिळपापड होतो.

त्यांचं निदान ठरलेलं. "डबाच गेलाय. मिळाला की झालं." मग मी डबा शोधायला निघाले. जुन्या पार्टांचं दुकान आमच्या गल्लीच्या टोकाला. मालकाला सगळे खोकेवाला म्हणतात, कारण आत खोक्यांमधून आडवं होऊन जावं लागतं. ह्यांचा तरुणपणापासूनचा मित्र. मी जाऊन बसले की तो स्टूल पुसून द्यायचा, चहा मागवायचा आणि मान हलवायचा. "वहिनी, हा डबा कंपनीने कधीच बंद केला. देवाला साकडं घाला." मी दुसऱ्या दुकानात गेले, भंगाराच्या यार्डात गेले, साडीचा पदर ग्रीसने भरवून घेतला. ओळखीपाळखीच्या सगळ्यांना फोन केले. शेवटी जावयाने कुठून तरी परदेशातून डबा मागवला, नवा कोरा. ह्यांनी बसवला. शेवटच्या क्लिपा लावायच्या वेळी म्हणाले, "जरा चहा टाकतेस?" मी चहा घेऊन आले, बटण ओढलं. डावा ढिम्म.

"डुप्लिकेट असणार," हे म्हणाले. जावई फोनवर माफी मागत होता बिचारा, 'बाबा, मी दुसरा बघतो'. हे गप्प ऐकत होते. नंतर म्हणाले, नळी बदलून बघू. मीच जाऊन वीतभर नवी नळी आणली. ती बसवतानाही मला चहाला पाठवलं. तरी तेच. जुनी नळी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली त्यांनी. मेकॅनिक माणूस, हातातली वस्तू फेकवत नाही.

खोल्यांचा मालक थांबला थांबला आणि थकला. लेकीचा फोन आला, "आई, दुसऱ्यांना दिल्या गं त्यांनी. किती दिवस थांबणार ते तरी." आवाज नीट होता तिचा, पण मला कळतो. मी रडले. हे शेजारी बसून पाठीवरून हात फिरवत होते. "नशिबात नव्हतं," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे सामान आणायला गेले होते. मी खाली गॅरेजमध्ये गेले ती त्या गाडीला चार शिव्या घालायला. बॉनेट उघडलं. आणि मनात आलं, मी टॉर्च धरली, नळ्या आणल्या, डबे शोधले, पण माझ्या तोंडाने कधी ओढून बघितलं नाही. डाव्या डब्यावरची नळी उपसली, तिथे कोपऱ्यात पडलेला एक रबरी तुकडा लावला आणि तो तोंडात धरून हवा ओढली. दांडी खेचली गेली, झाकण वर आलं, दिवा माझ्याकडे बघायला लागला. तुकडा जिभेला घट्ट चिकटला. जावयाचा डबा शाबूत होता.

मग इंजिन चालू केलं. उजवी नळी काढून तिच्या तोंडावर बोट ठेवलं तर ओढून घेतंय. डाव्या नळीच्या तोंडावर ठेवलं तर काही नाही. इंजिन बंद करून ती वीतभर नळी पूर्ण काढली आणि फुंकली. फुंकर जाईना. बोटांनी चाचपत गेले तर मध्ये काहीतरी टणक. विणायची सुई वरून आणली आणि ढकललं. सायकलचा छर्रा निघाला. चाकाच्या बेअरिंगमधली लोखंडी गोळी असते ना, ती.

खरं सांगते, पहिल्यांदा मला त्यांची कीवच आली. एक बाजू बंद करून दुसरी तपासायची असली की हे नळीत छर्रा घालतात, त्यांची जुनी पद्धत. वाटलं, काढायला विसरले असतील बिचारे. वयही झालं. मग हातातल्या नळीकडे बघितलं. ही तर मी आणलेली, नवी. खिळ्यावरची जुनी नळी काढली, ब्लेडने उभी चिरली. आत बरोबर मध्यावर छर्र्याच्याच मापाचं गंजाचं गोल वळं. एका नळीत विसरतो माणूस. तिथून काढून दुसरीत कुणी विसरून घालत नाही.

मी तशीच खोकेवाल्याकडे गेले, छर्रा मुठीत घेऊन. त्याच्या समोर ठेवला. त्याने स्टूल पुसलं नाही, चहा मागवला नाही. म्हणाला, "वहिनी, मला यात ओढू नका. तुमच्या ह्यांनीच सांगितलं होतं, पार्ट नाही म्हणायचं." आणि मागच्या फळीकडे बघितलं. तिथे तोच डबा होता, धूळ खात. ज्याच्या समोर बसून मी चहा प्यायचे, तो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि वळसा मला एकटीला घालायला लावला दोघांनी मिळून. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

हे परत आले तेव्हा मी नळी नीट बसवून ठेवली होती, छर्र्याशिवाय. इंजिन चालू केलं आणि बटण ओढलं. दोन्ही दिवे एकदम उठले. हे पिशवी हातात धरून बघत राहिले. मग टूलबॉक्सवर बसले.

"तिथे मी काय करणार होतो गं?" म्हणाले. "इथे लोक गाडी घेऊन येतात, विचारतात. तिथे मी जिन्यात बसलेला म्हातारा."

"मग तसं सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तरी तू ऐकलं नसतंस."

"जावई माफी मागत होता तेव्हा लाज नाही वाटली? लेकीचा फोन आला, मी रडत होते, तेव्हा पाठीवरून हात कसा फिरवलात?"

ह्यांनी मान खाली घातली. "खूपदा काढणार होतो तो छर्रा," म्हणाले. "प्रत्येक वेळी वाटलं, अजून एक महिना. आता खोल्याही गेल्या. झालं गेलं विसर. राहू इथेच, दोघं."

मी इंजिन बंद केलं.

"मी नेमकं काय केलं असतं, सांगू?" म्हटलं. "तुम्ही नाही म्हणाला असतात, तर मी भांडले असते. दोन दिवस जेवायला वाढलं नसतं. लेकीला फोन करून रडले असते. आणि मग राहिले असते. तुमच्यासाठी राहिले असते हो मी, आणि कुणाला कधी बोलूनही दाखवलं नसतं."

त्यांनी वर बघितलं, जसं काही मी त्यांना माफच केलं.

"आता कुणासाठी राहू?" मी विचारलं, आणि बॅग भरायला वर गेले.