दोनदा टकटक

संग्रहालयात सगळे त्यांना साचेकाका म्हणायचे. जुनं गाव दाखवणाऱ्या दालनातली एकोणीस माणसं त्यांनी घडवली होती: लोहार, पाणी भरणारी, शाळामास्तर, ओट्यावरचे दोन आळशी म्हातारे. चेहरे मात्र कल्पनेतले नव्हते. समोर जो सापडेल त्याला टेबलावर आडवा करायचा आणि तोंडावर प्लास्टर थापायचं, ही काकांची पद्धत. त्यामुळे लोहार म्हणजे खरं तर तिकीट खिडकीवरचा कारकून होता, आणि तो दालनातून जाताना आपल्याच पुतळ्याकडे बघून केस सारखे करायचा.

प्लास्टरखालच्या माणसाला बोलता येत नाही. डोळे मिटलेले, ओठ बंद, नाकात दोन नळ्या. म्हणून काकांचा एक नियम होता. काही त्रास झाला तर बोटाने टेबलावर दोनदा टकटक करायची, की काका लगेच प्लास्टर उचलणार. कारकुनाने नाक खाजतंय म्हणून चार वेळा टकटक केली. चारही वेळा काकांनी त्याला शिव्या घातल्या आणि साचा उचलला.

काकांच्या बायकोने एकदाच केली.

टोपल्या विणणाऱ्या बाईचा चेहरा तेवढा राहिला होता आणि उद्घाटन चार दिवसांवर आलं होतं. प्लास्टर सुकायला दोन मिनिटं बाकी असताना टेबलावर वाजलं, टक, टक. काका म्हणाले, "दोनच मिनिटं. हलू नकोस." ती हलली नाही. उठल्यावर छातीवर हात ठेवून जरा वेळ बसली, "काही नाही, थोडं दुखलं," म्हणाली आणि तोंड धुवायला गेली. उद्घाटनाला स्वतःला पाहून ती हसली. "मी इतकी कजाग दिसते होय?" कारण त्या चेहऱ्यावर दोन भुवयांच्या मधे एक बारीक आठी उमटली होती. त्यानंतर अकराव्या दिवशी तिचं हृदय बंद पडलं. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती.

सत्तावीस वर्षं गाइड लोकांना सांगत आला, "बघा, कामात कशी रमून गेलीय." ती आठी काकांना पॉलिश पेपरने घासून दहा मिनिटांत काढता आली असती. त्यांनी काढली नाही. एवढी तरी शिक्षा आपल्याला हवी, असं त्यांना वाटायचं. जेवताना कुणी सहज टेबलावर बोटं वाजवली की त्यांचा घास हातातच राही. सोमवारी संग्रहालय बंद असताना ते रिकाम्या दालनात पुतळे पुसायला जात, आणि दुपारच्या सुमाराला तिच्या बाजूने आवाज येई. टक, टक. वायरमन म्हणाला, छपराचा पत्रा तापतो, दुसरं काय असणार? काकांनाही ते पटलं होतं. तरी दर वेळी हातातलं फडकं टाकून ते तिच्यापाशी धावत जायचे, आणि ती आपली टोपलीकडे बघत बसलेली असायची.

या वर्षी नव्या क्युरेटर मॅडम आल्या. दालनात आता व्हिडिओचे पडदे लागणार, पुतळे मोडीत जाणार. काकांना वाईट वाटू नये म्हणून त्यांनी शेवटच्या रविवारी हिरवळीवर एक खेळ ठेवला. पुतळ्यांमध्ये तसेच कपडे घातलेली काही खरी माणसं बसवायची आणि पाहुण्यांनी ओळखायचं, जिवंत कोण. ज्याला आपला चेहरा घरी न्यायचा असेल त्याने संध्याकाळपर्यंत न्यावा, बाकीच्यांवर सोमवारी हातोडा.

काका राहत होते मुलीच्या घरी. तिला विचारल्याशिवाय तिथे खुर्चीसुद्धा नेता येत नव्हती, पुतळा तर दूरच. आणि मुलगी नर्स होती, तीही हृदयरोगाच्या वॉर्डात. आईचा पुतळा तिने शाळेच्या सहलीत एकदाच पाहिला होता, दोरीच्या अलीकडून, पिवळ्या दिव्यात. नंतर ती त्या दालनात फिरकली नव्हती. आता बाहेरच्या लख्ख उन्हात, हातभर अंतरावरून तिने तो चेहरा पाहिला, तर तिला सगळं कळणार होतं. नाही पाहिला, तर सोमवारी हातोडा. काकांनी तीन दिवस घोळवलं आणि तिला ये म्हणाले.

रविवारी हिरवळीवर ही गर्दी. कारकून लोहाराशेजारी लोहार होऊन बसला आणि मुलांनी त्यालाच पुतळा ठरवलं. टोपलीवालीपुढे मात्र घोळका हटेना. "ही खरी आहे, श्वास घेतेय." मुलगी घोळक्यातून वाट काढत पुढे आली. वाकली. रुग्णाकडे बघावं तसं तिने आईकडे बघितलं. काका हात मागे बांधून उभे होते.

"बाबा, साचा घेताना आईला दुखत होतं?"

"हो."

"तुम्हाला कळलं होतं?"

"तिने टकटक केली होती. दोनदा."

"मग?"

"मी थांबलो नाही. साचा बिघडला असता."

मुलगी सरळ झाली. "मला तुमचा फार राग आलाय," ती म्हणाली. काका म्हणाले, "येणारच." ती फाटकाकडे निघून गेली. काकांनी मनात म्हटलं, संपलं. त्यांनी पुतळ्याच्या मांडीवरची टोपली काढून ठेवली. उद्याचा हातोडा आपणच मारायचा, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं.

तासाभराने मुलगी टेम्पो घेऊन आली. आईला चादरीत गुंडाळून एका लांब खोक्यात ठेवलं. मुलगी ड्रायव्हरशेजारी बसली, काका मागे खोक्यापाशी. वळणावर एका खड्ड्यात चाक गेलं आणि खोक्यात काहीतरी वाजलं. टक, टक.

"थांबवा," काका ओरडले.

टेम्पो थांबला. काकांनी खोकं उघडलं, चादर बाजूला केली, चेहऱ्यावरून हात फिरवला आणि पुन्हा झाकलं. पुढच्या चौकात पुन्हा वाजलं, पुन्हा थांबवा. तिसऱ्या वेळी ड्रायव्हर वैतागला. "ताई, असं किती वेळा थांबायचं?"

मुलीने मागे वळून पाहिलं नाही. "ते म्हणतील तितक्या वेळा," ती म्हणाली.

पंधरा मिनिटांचा रस्ता. घरी पोचायला त्यांना दीड तास लागला.