आबांना सांगून जा

मेलेल्या माणसांशी बोलणारे लोक पुष्कळ असतील, पण जो कधी जन्मलाच नाही त्याची रोज ख्यालीखुशाली विचारणारी बाई मी एकच पाहिली. त्या म्हणजे बारामतीच्या नर्सिंग कॉलेजातल्या आमच्या मॅडम. प्रॅक्टिकलच्या खोलीत एक रबरी पेशंट होता. मॅडम त्याला आबा म्हणत. आडवं केलं की आबांचे डोळे मिटायचे, पण डावा अर्धवट उघडाच राही, आणि खोलीत कुठंही उभं राहिलं तरी तो आपल्याकडेच बघे. मॅडम आत शिरताना चपला बाहेर काढत, आबांना विचारल्याशिवाय त्यांच्या चादरीला हात लावू देत नसत. एकदा एका मुलीनं न सांगता आबांना सुई टोचली. मॅडम वाकून म्हणाल्या, "आबा, पोर नवीन हाय, मनावर घिऊ नका." मग कान देऊन ऐकलं, मान हलवली आणि आमच्याकडे वळल्या. "न्हाय लागलं म्हणत्यात." त्यानंतर कुणी हसलं नाही. शिपाई तात्यासुद्धा झाडू मारायच्या आधी दारातून "येऊ का आबा?" असं विचारत, आणि उत्तर आल्यासारखे जरा थांबून आत जात.

त्याच खोलीत दुपारी मॅडमचा करुणेचा तास असे. आम्ही त्याला आपसात भुताचा तास म्हणत असू. डोळे मिटायचे, छातीवर हात ठेवायचा आणि घाबरलेल्या पेशंटशी बोलतो तसं स्वतःशी बोलायचं. "मला भीती वाटतेय. वाटू दे. सगळ्यांनाच वाटते." एवढ्या मुली एकदम पुटपुटायला लागल्या की पंख्याच्या घरघरीत एखादा आवाज जास्तीचा वाटे, जाडसर, म्हाताऱ्या माणसाचा. डोळे उघडून बघायची माझी छाती कधी झाली नाही.

पहिल्या वर्षी वॉर्डात माझ्यासमोर एक आजी गेल्या. त्या दिवसापासून माझे हात थरथरू लागले. साधी नाडी बघता येईना, जेवण जाईना. मला हे जमणार नाही अशी खात्री पटली आणि मी इंदापूरला घरी परत जायला बॅग भरली. मॅडमनी अडवलं नाही. म्हणाल्या, "जा की. पण आबांना सांगून जा. हात धरून सांग, लांबून नको." मी गेले. हात धरला आणि अंगावर सर्रकन काटा आला. रबरी हात गरम होता, ताप उतरत आलेल्या माणसासारखा. मला ओरडता येईना आणि हात सोडवेना. मग जे रडू कोंडलं होतं ते सगळं तिथं बाहेर पडलं. उठले तेव्हा माझे हात थरथरत नव्हते. भरलेली बॅग पुन्हा रिकामी केली.

पास होऊन निघताना तात्यांनी गुपित फोडलं. "गरम पाण्याची पिशवी असती चादरीखाली. बाई सोता भरून ठेवायच्या, कुणाचं तोंड उतरलेलं दिसलं की." मी मॅडमना जाब विचारला, तर म्हणाल्या, "मग? गार हातात कुणी रडतं का?"

यंदा मॅडम कन्हेरीला, त्यांच्या घरीच वारल्या. मी इंदापूरला ड्युटीवर होते, निरोप मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं. मला काही सुचेना, म्हणून आबांना सांगायला गेले. खोली बंद होती, तात्यांनी कुलूप उघडून दिलं. चपला बाहेर काढल्या. आबांचा हात धरला आणि म्हणाले, "आबा, मॅडम गेल्या."

हात गरम होता.

"तात्या, पिशवी ठेवलीय का?"

तात्या दारातच उभे होते. "न्हाय वो. ती तर रिटायर झाल्यावर बाईच घिऊन गेल्या. हितं आता कोण येतंय?"

चादर उचलून बघावी असं वाटलं, पण त्यासाठी आबांना विचारावं लागलं असतं, आणि त्यांनी उत्तर दिलं तर काय, याची भीती वाटली. मी भीती वाटू दिली. हात हळूहळू निवत गेला. तो पार गार होईपर्यंत मी धरून बसले. मॅडमच्या वेळी मला तेवढंही करायला मिळालं नव्हतं.