पत्रा डावीकडे का जातो? रे रोडच्या तीन दिवसांची गोष्ट

परवा एका वाचकाने विचारलं, "मुंबईची जुनी कारखान्यांची वस्ती पायी बघायची आहे, कुठून सुरुवात करू?" मी त्याला लिहिलं, लालबागहून निघा, घोडपदेव ओलांडा आणि रे रोडला पोचा. अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता आहे. पत्र पाठवलं आणि मग त्याच रस्त्याने मी पहिल्यांदा चाललो होतो तो दिवस आठवला. तेव्हा मी काही बघायला गेलो नव्हतो. माझी एक चूक शोधायला गेलो होतो.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. मी बावीस वर्षांचा, कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका लहान कारखान्यात नकाशे काढायचो. माझे वडील तिथेच ओतकामासाठी लाकडी साचे करायचे. मालकांना सगळे आबा म्हणायचे. एके दिवशी आबांनी मुंबईचं एक पत्र माझ्या टेबलावर ठेवलं.

"तुझं टेबल पत्रा वाकडा टाकतंय म्हणं. घिऊन जावा म्हणत्यात."

टेबल म्हणजे लिहायचं टेबल नव्हे. रे रोडला एक पत्र्याची मिल होती. तिथे भट्टीतून निघालेली लालभडक लोखंडी पट्टी दोन मोठ्या रुळांमधून दाबून पातळ करायचे. पत्रा रुळांच्या मागे आला की माणसं तो सांडशीने पकडायची आणि वरच्या रुळावरून पुन्हा पुढे द्यायची. असं बऱ्याचदा केलं की पत्रा तयार. मागच्या बाजूला या कामाला चार माणसं लागत. आम्ही त्यांच्याऐवजी एक टेबल करून दिलं होतं. त्यावर फिरणारे छोटे रूळ होते. पत्रा त्यावर यायचा, टेबल रुळाकडच्या टोकाने वर उचललं जायचं आणि पत्रा आपोआप परत पुढे जायचा. नकाशा माझा होता. कारखान्याने मुंबईसाठी केलेलं ते पहिलंच मोठं काम.

"बघून ये काय झालंय ते," आबा म्हणाले. "आपली चूक आसंल तर सांग. नसंल तर सिद्ध करून ये."

कोल्हापूरहून तेव्हा छोट्या रुळांची गाडी पुण्यापर्यंत यायची, तिथे गाडी बदलावी लागे. दुसऱ्या दिवशी सकाळी दादरला उतरलो. हातात वळकटी, खांद्याला मोजमापाच्या हत्यारांची पिशवी. बाहेर टी.टी.ला, म्हणजे ट्रामच्या शेवटच्या थांब्यावर, एकाला विचारलं, मिलला कसं जायचं? त्याने ट्राम दाखवली आणि सांगितलं, लालबागला उतर. उतरलो, पुन्हा विचारलं. "कुठची मिल?" पत्र्याची, म्हणालो. "पत्र्याची? मिल म्हणजे कापडाची रे!" एकाने मला एका गिरणीच्या फाटकावर नेऊन उभं केलं, दुसऱ्याने करी रोडकडे पाठवलं. दुपारी एका इराण्याकडे ब्रून-मस्का खाताना गल्ल्यावरच्या म्हाताऱ्याने विचारलं, "लोखंडनी? तो रे रोड जावानू नी, डिकरा!" ते मला अर्धंच कळलं. पण रे रोड हे दोन शब्द पुरले. तर वाचकहो, पहिली सूचना: मुंबईत पत्ता विचारताना आधी वस्तू सांगा, मग मिल म्हणा.

त्या दिवशी मिलमध्ये फक्त तोंड दाखवून आलो. मुक्काम गिरगावात मावशीकडे. दोन खोल्या, गॅलरीत माझं अंथरूण.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरसाहेबांनी टेबल पुन्हा रुळांमागे बसवायला लावलं. ते सहा महिने कोपऱ्यात पडून होतं, त्यावर कुणीतरी डबे ठेवलेले होते. मी प्रत्येक रूळ लेव्हल लावून पाहिला, अंतरं मोजली. सगळं नकाशाबरहुकूम. पहिली पट्टी भट्टीतून निघाली. तो उजेड आणि ती धग अजून आठवते. दहा-बारा फुटांवरून माझ्या शर्टाची बटणं तापली होती. पत्रा रुळांतून आला, माझ्या टेबलावर सरळ चढला, टेबल उचललं गेलं, पत्रा परत गेला. दुसरा गेला. तिसरा गेला. दहा वाजेपर्यंत एकही वाकडा नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. मी गोंधळलो. मग सहा महिन्यांपूर्वी काय झालं होतं?

पाण्याची सुट्टी झाली तेव्हा, पत्रा अडकलाच तर हात द्यायला टेबलाशेजारी उभ्या केलेल्या चार सांडशीवाल्यांपैकी एक माझ्याजवळ आला. पस्तिशीचा, हातांवर भाजल्याचे पांढरे डाग. त्याचं नाव सखाराम. मूळचा कराडकडचा निघाला, म्हणजे आमच्याच वाटेवरचा.

"कोल्हापूरचा का? तुझंच का हे?" त्याने टेबलाकडे बोट केलं.

"व्हय."

"छान केलंयस," तो म्हणाला आणि निघून गेला. त्यात टोमणा होता की कौतुक, मला कळलं नाही.

जेवणानंतर पत्रा डावीकडे जायला लागला. आधी थोडासा, मग इतका की एक पत्रा टेबलाच्या कडेला अडकून घडीसारखा दुमडला. आरडाओरडा झाला, रूळ थांबवले. मी पुन्हा सगळं मोजलं. मापात कणभर फरक नव्हता. सकाळचंच टेबल, तेच रूळ, तीच माणसं.

मॅनेजरसाहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. ते सौम्य बोलायचे. "बघितलंत? सकाळी सरळ, दुपारी वाकडा. मशीन असं करतं का? माणसं करतात. टेबल चाललं तर चौघांची नोकरी जाते, त्यांना नकोय ते." त्यांनी टाइप केलेला एक कागद पुढे केला. टेबलात दोष नाही, पत्रा मुद्दाम वाकडा घातला जातो, असं त्यात लिहिलं होतं. खाली माझ्या सहीची जागा. "तुमचं काम झालं, तुमच्या मालकांचं नाव राहिलं."

खरं सांगतो, मला ते पटलं. नाही, पटलं असंही नाही. दुसरं काही सुचत नव्हतं. मी म्हणालो, "उद्या सांगतो."

बाहेर आलो तर ट्राम बंद. लालबागच्या बाजूला मोर्चा होता म्हणे, रस्ते अडवले होते. सखाराम फाटकाबाहेर उभा होता. "गिरगावला जायचंय ना? चल माझ्याबरोबर लालबागपर्यंत. पुढं बघू." घोडपदेवच्या चढावर चालताना लांबून घोषणा ऐकू येत होत्या. सखाराम म्हणाला, "मुंबई आपल्याला मिळणार, काय? मिळायलाच पाहिजे. मी पण जातो मोर्च्याला." मग थोडं चालून, "पण मला एक कळत नाय. मिळाली की मिल कुणाची होणार?" मी हसलो. तो हसला नाही.

लालबागला पोलिसांची गाडी आडवी होती. पुढे जाता येईना, म्हणून तो मला घरी घेऊन गेला. चाळीत दुसऱ्या मजल्यावर एक खोली. भिंतीवर बुद्धाची नवी तसबीर, कोरा हार. त्याची बायको सोनाबाई चुलीपाशी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, तसबिरीकडे पाहिलं, आणि मग विचारलं, "जेवाल ना?" ती कशासाठी विचारत होती हे मला कळलं. आमच्या घरी याचं उत्तर काय दिलं गेलं असतं, तेही मला माहीत होतं. मी हात धुतले आणि बसलो. भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी, पातळ डाळ. दोन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवलो.

जेवताना सखारामने विचारलं, "खरं सांग. हे टेबल चाललं तर आमच्यातले किती जाणार?"

"चार," मी म्हणालो. आबांनी मला पहिला कच्चा नकाशा दिला होता त्यात रुळांच्या मागे माणसांच्या जागी चार लहान गोल काढले होते. पक्क्या नकाशात मी ते काढले नव्हते. काढायची गरजच नव्हती.

"म्हणजे चौघंही."

"व्हय."

मग मी त्याला त्या कागदाबद्दल सांगितलं. का सांगितलं, ठाऊक नाही. त्याचं मीठ खाल्लं म्हणून असेल. त्याने हातातला घास ताटात ठेवला. सोनाबाईच बोलली, "वाकडा घालतात म्हणे! वाकडा घातला असता तर तापलेला पत्रा आधी ह्यांच्याच पायावर आला असता."

रस्ता मोकळा झाल्यावर गिरगावात पोचलो. मावशी ताट झाकून बसली होती.

"जेवून आलास? कुठे?"

"लालबागला. ओळखीच्यांकडे."

"ओळखीचे कोण? आडनाव काय त्यांचं?"

"गावाकडचे आहेत," मी म्हणालो, आणि अंथरुणावर जाऊन पडलो.

तिसऱ्या दिवशी टेबल पुन्हा बाजूला केलेलं होतं. मिल जुन्या पद्धतीने चालू होती. मी एका खांबापाशी उभा राहून बघत होतो, खिशात तो कागद. दुपारी साहेब जेवायला गेले तसं सखारामने मला खूण केली. स्वतःच्या मागे, दोन पावलांवर उभं केलं.

"पत्र्याकडं बघू नको," तो म्हणाला. "माझ्या मनगटाकडं बघ."

पत्रा आला. त्याने सांडशीने पकडला आणि पकडतानाच मनगट किंचित उजवीकडे वळवलं. पुन्हा आला, पुन्हा तसंच. शेजारचा सांडशीवालाही तेच करत होता. सकाळी खांबापासून बघत होतो तेव्हा त्यांचं मनगट सरळ होतं, हे मला आठवलं. दुपारी प्रत्येक पत्र्याला ते उजवीकडे ओढत होते, आणि म्हणून पत्रा सरळ जात होता. माझ्या टेबलाला मनगट नव्हतं.

"रूळ तापले की हे सुरू होतं," सखाराम म्हणाला. "डाव्या अंगाचं पितळ झिजलंय. सगळ्यांना ठाऊक आहे. ते बदलायचं तर मिल चार दिवस बंद ठेवायला लागंल. कोण ठेवणार?"

आता मला चित्र दिसायला लागलं. रुळाचं टोक ज्या पितळी बेअरिंगमध्ये बसतं, ते डावीकडे झिजलं होतं. तापल्यावर डावीकडची फट जास्त उघडायची. पत्रा उजवीकडे जास्त दाबला जायचा, तिकडे जास्त लांबायचा आणि डावीकडे वळायचा. मी थंड झालेल्या ढिगातला काल दुपारचा एक पत्रा ओढला, दोन्ही कडा मोजल्या. डावी कड जाड होती. दुसरा मोजला, तिसरा मोजला. सगळे तसेच.

"तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"कुणी विचारलं?"

"मग आज का सांगितलं?"

त्याने सांडशी पाण्यात बुडवली. "तू सही केली असतीस तर आम्ही चौघंही गेलो असतो, आणि ते पण चोर म्हणून. पुढं कुठल्या मिलमध्ये कोण घेतं मग?" मग तो म्हणाला, "एक कर. मी सांगितलं म्हणू नको. साहेबाला नको, तुझ्या मालकाला तर नकोच. माझ्याबरोबरचे तिघं मला विचारतील, तू कुणाचं खातोस म्हणून."

"आता टेबल चालणार की मग," मी म्हणालो.

"चालणार," तो म्हणाला. "आता बघू."

मी साहेबांसमोर तीन पत्रे ठेवले, कडांची मापं कागदावर लिहून दिली. सही मागितलेला कागद सही न करताच परत केला. साहेबांनी मापं दोनदा वाचली आणि म्हणाले, "पितळ बदलू. तुम्ही टेबलाच्या दोन्ही बाजूंना काहीतरी अडण द्या, पत्रा कडेला जाणार नाही असं." त्या कागदाबद्दल त्यांनी पुन्हा शब्द काढला नाही.

त्याच रात्रीच्या गाडीने परत निघालो. पुण्यात गाडी बदलताना मला वाटलं, मी चार माणसांना वाचवलं. मिरजेच्या आसपास वाटलं, मीच त्यांना घालवलं. दोन्ही खरं कसं असू शकतं हे कोल्हापूर येईपर्यंत कळलं नाही.

कारखान्यात आबांना सगळं सांगितलं: पितळ, फट, कडांची जाडी. बाजूच्या तिरप्या पट्ट्यांचा नकाशा काढून दाखवला. आबा खुर्चीतून उठले, माझ्या पाठीवर जोरात थाप मारली. माझे वडील साच्यांच्या खोलीतून बाहेर आले होते, दारात उभे होते.

"कसं रं सापडलं तुला?" आबांनी विचारलं.

"मोजत गेलो," मी म्हणालो.

"म्हंजे ह्येनं एकट्यानं शोधलं!" आबांनी वडिलांकडे पाहिलं. वडिलांच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता तो मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. मी खाली नकाशाकडे बघत राहिलो.

मी वचन पाळलं होतं. सखारामचं नाव कुणाच्याही कानावर गेलं नाही. पण पाठीवर थाप पडली तेव्हा मला वचन आठवलं नव्हतं. मला फक्त बरं वाटलं होतं. पुढे त्याच वर्षी माझा पगार वाढला, मी नकाशांच्या खोलीचा प्रमुख झालो, आणि दर वेळी कुणी ती गोष्ट काढली की मी गप्प बसलो. ते गप्प बसणं सखारामसाठी होतं की माझ्यासाठी, मी कित्येक वर्षं ठरवायचा प्रयत्न केला.

आज तुम्ही त्या बाजूला गेलात तर ट्राम नाही. लालबागला उंच इमारती आहेत, घोडपदेवचा चढ तेवढा तसाच आहे. दुपारी जा, ऊन असतं, पाणी बरोबर ठेवा. पत्र्याची ती मिल कुठे होती हे मलाही आता सांगता येणार नाही.

पट्ट्या बसवल्यावर तीन महिन्यांनी कारखान्याच्या पत्त्यावर माझ्या नावाने एक पोस्टकार्ड आलं. अक्षर सावकाश काढलेलं, सखारामचं स्वतःचं. "टेबल सरळ चालतं. दोघांना टेबल उचलायच्या दांड्यावर ठेवलं, दोघांना यार्डात. मी यार्डात आहे, थंड पत्रे मोजून ढीग लावतो. सावली आहे, हात भाजत नाहीत. पण पत्रा येताना दिसत नाही. तुझी वहिनी विचारते, जेवायला कधी येणार."

मी उत्तर लिहायला बसलो. येतो असं लिहिलं आणि खोडलं. माफी मागावी तर कशाची ते कळेना, आभार मानावेत तर ज्याचं काम गेलं त्याचे कुठल्या तोंडाने मानायचे. शेवटी बंद पाकिटातून एकच ओळ पाठवली: "आबांना मी तुमचं नाव सांगितलं नाही."

ते वाचून त्याला बरं वाटलं असेल की वाईट, मला आजही माहीत नाही.