तुळशीखालचं विरजण

श्रावणातल्या गुरुवारची दुपार. हौसाबाई अंगणात तुळशीच्या कट्ट्याला खांदा टेकून बसल्या आहेत. हातात जपमाळ आहे, पण मन रानात. कुठल्याशा मण्यावर बोटं थांबतात ती थांबतातच.

मन रानात असायला कारण आहे. दर चातुर्मासात त्या काहीतरी सोडतात. एकदा गोड सोडलं, एकदा चहा. यंदा देवापुढं नेम घेतला, की घराजवळच्या तुकड्यात खताची गोणी नाही, औषधाचा फवारा नाही. जे करायचं ते शेणा-गोमूत्राचं. मुलगा विलास हसला, पण तुकडा दिला. वाघ्या घेवडा उगवला खरा, आता मात्र पिवळा पडत चाललाय. शेण-गोमूत्र आंबवायला ठेवलेल्या जीवामृताच्या निळ्या पिंपात त्या सकाळ-संध्याकाळ काठी फिरवतात, नाव घेत घेत, प्रदक्षिणेच्या दिशेनं. तरी पिंपाला फेस म्हणून धरत नाही. आज जेवता जेवता विलासनं सांगून टाकलं, "आई, बास झालं. ऊन उतरलं की मी औषध मारणार. तुझा नेम देवाला कळला, घेवड्याला कळंना."

स्वयंपाकघरात भांडं वाजतं. मांजर असेल म्हणून हौसाबाई उठतात. उंबरा ओलांडतात तर पायाखाली फरशी नाही, सरी आहे. चुलीपासून फडताळापर्यंत घेवड्याच्या ओळी गेल्यात आणि चुलीवर तेच निळं पिंप चढवलेलं. पिंपाशी पाटावर मालक बसलेत.

मालकांना जाऊन बरीच वर्षं झाली. तरी हौसाबाईंना नवल वाटत नाही. वाटतं एवढंच, की टोपी धुवायची राहिलीय.

"आलीस व्हय? चहा टाक."

"उपास हाय माझा."

"तुझा हाय. माझा कुठं?"

"आता तरी एखादा करावा माणसानं."

"तिकडं रोजच हाय की!" म्हणत मालक हात पुढं करतात. "आधी हे हुंग."

फवारणीचे दिवस आले की या हातांना औषधाचा वास यायचा. साबणानं जायचा नाही, राखेनं जायचा नाही. घासाला लागू नये म्हणून हौसाबाईच भाकरी मोडून, कालवून ताटात द्यायच्या. आता त्या वाकून हुंगतात. नुकत्या लागलेल्या दह्याचा वास.

"गेला की वो!"

"गेला. औषध म्हणायचो आपण त्याला. रान आजारी हाय का, ते कधी इचारलंच न्हाई."

पिंपात दूध आहे. पांढरं, पातळ, गप्प.

"लागंना," हौसाबाई म्हणतात. "किती ढवळलं, किती नाव घेतलं. लागंनाच."

"मग पातेल्याला का दोष? इरजण कुठलं घातलंस?"

"मूठभर माती. बांधावरची. तशीच सांगितलीय घालायला."

"कुठल्या बांधावरची?"

स्वयंपाकघराची भिंत नाही आता. दोघं बांधावरच उभे आहेत. बांध सारवल्यासारखा लख्ख, गवताची काडी नाही.

मालक टोपी काढतात. "ह्याच्यावर जन्मभर मी तणनाशक मारलं. लोक म्हणायचे, बांध असावा तर असा. मेलेलं इरजण हाय हे, कसं लागंल?"

"मग जितं कुठनं आणू? समद्या रानात तुमचाच हात फिरलाय."

"एक जागा सोडून. तिथं तूच फिरू दिला न्हाईस."

बांध चालता चालता तुळशीचा कट्टा होतो. तुळशीवर मावा पडलाय. तरणे मालक पाठीवर पंप घेऊन उभे आणि तरणी हौसा हात पसरून आडवी.

"तुळशीला औषध? आधी माझ्यावर मारा!"

तेव्हा मालक मोठ्यानं हसले होते. आताही हसतात, पण हळू.

"हे वृंदावन भरलं, तवा माती कुठनं आणली हुती?"

"आत्याबाईंनी आणली. आपल्याच रानातनं. खताच्या गोण्या घरात यायच्या आधी."

"मग? रान तुझ्यापाशीच हाय की. रोज पाणी घालतीस त्याला."

हौसाबाई कचरतात. "तुळशीची माती शेणात कालवू? देवाला चालंल?"

"शेण काय देवाला नवीन हाय? अंगण कशानं सारवतीस?" मालक त्यांचा हात धरतात आणि तुळशीच्या मुळाशी दाबतात. माती गार आहे.

"चहा राहिला तुमचा."

"ऱ्हाऊ दे. उपास हाय माझा."

"आई! ए आई!"

विलास समोर उभा आहे. पाठीवर भरलेला पंप, नळीतून थेंब गळतोय. जपमाळ हौसाबाईंच्या मांडीवर पडलीय आणि उजव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली. न विचारता तुळशीचं पानही न तोडणाऱ्या बाईंनी मुळाशी पाच बोटांचा खळगा केलाय. त्या मूठ उघडतात. काळी, ओली माती. आणि तिच्यात वळवळणारं बारकं गांडूळ.

विलास वाकतो. "कुठनं आलं हे? लहानपणी गळाला लावायचो, त्यानंतर आपल्या रानात दिसलंच न्हाई."

"आपल्याच रानातलं हाय."

तो गांडुळाला बोट लावून बघतो. मग पंपाचा पट्टा खांद्यावरून सोडवतो. "चार दिवस थांबतो. मग मात्र बघ हां, आई."

"थांब की," म्हणत हौसाबाई गांडूळ अलगद खळग्यात सोडतात आणि पिंपाकडं निघतात. वाटेत मूठ नाकाशी नेतात.

दह्याचा वास.